कोणीही वापरत नाही

लिफ्ट बंद पडली होती म्हणून त्यांची भेट झाली. एरवी चौथ्या मजल्यावर येणारा माणूस सरळ साहेबांच्या टेबलाशी जायचा आणि कोपऱ्यात बसणाऱ्या चिमटीला त्याची पाठ तेवढी दिसायची. त्या दुपारी मात्र ती धुतलेला डबा घेऊन जिना चढत होती, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक माणूस पायरीवर टेकला होता. मांडीवर लॅपटॉपची पिशवी, तान्ह्या मुलाला धरावं तशी दोन्ही हातांनी धरलेली. शेजारी उघडीच ठेवलेली छत्री, आणि तिच्यातून निघालेली पाण्याची एक बारीक रेघ पायरी पायरी उतरत खाली चाललेली.

“वर ‘चिमटी’ नावाचं कोणी बसतं का?” त्याने विचारलं. “की ते यंत्राचंच नाव आहे?”

“बसतं. काम काय आहे?”

“भांडायचंय.”

हे तो इतक्या हळू म्हणाला की तिला हसूच यायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं आणि हसू ओठांतच राहिलं. बऱ्याच दिवसांत धड झोपलेला नव्हता तो माणूस.

“मग आधी दम खाऊन घ्या,” ती म्हणाली. “मीच ती. धापा टाकत भांडण नीट होत नाही.”

तो तिच्याकडे पाहतच राहिला. भांडायला येताना त्याने मनात जो चेहरा धरला असावा तो हा नव्हता, एवढं तिला कळलं. आणि का कोण जाणे... ते कळून तिला जरा बरं वाटलं.

चिमटी हे नाव तिला ऑफिसातच पडलं होतं. लाखो ओळींतून चुकलेली एक ओळ ती काटा काढावा तशी अलगद उचलून दाखवायची, म्हणून. ऑफिस म्हणजे तरी काय, एका विश्वस्त संस्थेच्या दोन खोल्या, आणि अकाली केस पिकल्यामुळे ज्यांना सगळे ‘आजोबा’ म्हणत ते चाळिशीतले साहेब. पण काम मोठं होतं. जगात हजारो लोक आपण लिहिलेले प्रोग्रॅम कुलूप न लावता मांडून ठेवतात. कोणीही यावं, वाचावं, हवा तो तुकडा उचलून आपल्या कामात जोडावा. मूळ लिहिणाऱ्याचं नाव तेवढं राखावं. या सगळ्या उघड्या मांडणीतून हवी ती ओळ, ती कशी वापरायची ते सांगणारी माहितीपत्रिका शोधून देणारी एक चौकट हे ऑफिस चालवायचं. शब्द टाका, सापडेल. ती चौकट चिमटीच्या हाती होती.

आणि वर, खिडकीजवळच्या बाकड्यावर बसून त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं.

तो जमिनीच्या मोजणीचं काम करायचा. घरी आई होती, जन्मभर शाळेत भाषा शिकवलेली. आजाराने तिचे हात गेले, पाय गेले, मग आवाज गेला. हलायचे ते फक्त डोळे आणि उजवा गाल. त्याच्या थोरल्या भावाने तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर अक्षरं मांडलेली, त्यांवरून एक पिवळी चौकट सरकत राहते. हव्या त्या अक्षरावर आली की आईने गालाजवळचं बटण दाबायचं. असं अक्षर अक्षर जोडत आई बोलायची. तिचा एक शब्द पुरा झाला की यंत्रातून भावाचा आवाज यायचा— “हं.” पुढे बोल, ऐकतोय, अशा अर्थाचा. प्रोग्रॅम लिहून झाल्यावर वर्षभरातच भाऊ अपघातात गेला. आवाज तेवढा राहिला.

“मग मागच्या महिन्यात जुना लॅपटॉप जळाला,” तो म्हणाला. “नवा घेतला. दुकानदाराने भावाचा प्रोग्रॅम त्यात घातला तर तो सुरूच होईना. त्याने खोदून काढलं, तेव्हा कळलं की बटणांचं काम बघणारा जो सगळ्यांचा सामायिक संच आहे, त्यातला एक जुना तुकडा काढून टाकलाय. आणि काढण्याआधी तिथल्या पानावर कोणीतरी लिहिलंय— ‘सगळीकडे शोधलं. हा तुकडा कोणीही वापरत नाही. काढायला हरकत नाही.’ खाली सही, चिमटी.”

चिमटीला ती सही आठवली. तो तुकडाही आठवला. संच सांभाळणाऱ्यांनी विचारलं होतं, तिने चौकटीत नाव टाकलं होतं, उत्तर रिकामं आलं होतं. चहा गार व्हायच्या आत संपलेलं काम.

“पण तुमच्या भावाचा प्रोग्रॅम उघड्यावर ठेवलेला होता का?”

“होता ना. तो म्हणायचा, अजून कोणाची तरी आई असेल.”

मग तो सापडायला हवा होता. तिने त्याच्यासमोरच शोधलं. नव्हता. पुन्हा शोधलं, आणि मग तिचे हात कीबोर्डवरच थांबले. नियम आठवला. तिचाच नियम. ज्या प्रोग्रॅममध्ये पाच वर्षांत एक ओळही बदललेली नाही, तो मेलेला समजायचा आणि शोधातून वगळायचा. हा नियम तिने घातला तेव्हा चौकट किती हलकी झाली होती, किती वेगाने धावायला लागली होती... आजोबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

तिने ते जसंच्या तसं त्याला सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“बदललेला नाही,” तो म्हणाला, “कारण तो नीट चालत होता. आणि बदलणारा राहिला नव्हता.” थोडं थांबून त्याने बाहेर पाहिलं. काचेवरून पाणी ओघळत होतं. “आमच्या कामात, बाई, जो दगड कित्येक वर्षांत जागचा हलला नाही, त्याच्यापासूनच सगळी मोजणी सुरू होते. तुमच्याकडे त्यालाच मेला म्हणतात.”

भांडण म्हणून तो जे घेऊन आला होता ते एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिने सुचवून पाहिलं की आता याहून चांगले, नवे प्रोग्रॅम मिळतात. त्याने मान हलवली. दुकानदाराने एक बसवून दिला होता. आईने तो पाहिला आणि नजर छताकडे वळवली. भावाने अक्षरं आईच्या सोयीने मांडली होती, तिला न बघता पाठ होती. आता उरलेल्या ताकदीत नवं शिकणं होणार नव्हतं. आणि त्या नव्या यंत्रात ‘हं’ म्हणणारं कोणी नव्हतं.

“डॉक्टर म्हणतात, गालही फार दिवस साथ देणार नाही,” तो उठता उठता म्हणाला. “लॅपटॉप जळाला तेव्हा ती बोलत होती. ‘तू आता’... एवढंच झालं होतं. पुढचं राहिलं.” पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवत त्याने जणू स्वतःशीच म्हटलं, “तू आता काय? तेवढं कळलं असतं तरी...”

वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्यांच्या घरी वाक्यं अर्धीच राहायला लागली होती.

* * *

दुकानदाराने एक उपकार करून ठेवला होता. अडणारी ओळ उडवून त्याने प्रोग्रॅम कसाबसा चालू केला होता. शनिवारी चिमटी त्यांच्या घरी गेली तेव्हा तिला त्याचा परिणाम दिसला. आईंनी गाल दाबला, आणि पडद्यावर एकच अक्षर रांगेने उमटत गेलं, मुंग्यांसारखं... पिवळी चौकट तोवर भलतीकडेच पोचली. डोळे मिटले म्हणजे ‘हो’ आणि छताकडे पाहिलं म्हणजे ‘नाही’, एवढीच भाषा त्यांच्याकडे शिल्लक होती, आणि त्यांनी आता छताकडे पाहिलं.

खोली छोटी, स्वच्छ. खिडकीशी पलंग, पलंगाच्या कडेला लोखंडी हात बसवून त्याच्या टोकाला ते बटण, रुपयाएवढं, वर मऊ कापड शिवलेलं. भिंतीवर मोठाले नकाशे. मोजणीदाराच्या घरी दुसरं काय असणार. आईंची सेवा करायला येणाऱ्या मावशी त्यांचे पाय चोळत होत्या आणि तोंडाने अखंड बोलत होत्या, सगळ्या घराचं बोलणं आपल्या एकटीच्या अंगावर पडल्यासारख्या.

“ही का ती, तोडणारी?” मावशींनी विचारलं.

“जोडायला आलेय,” चिमटी म्हणाली.

“बघू. तोडताना दिसत नाही, जोडताना दिसतं हो.” मग आईंकडे वळून, “बाई, पोरगी दिसायला तरी बरी आहे. भांडण जरा कमी करायला सांगू का ह्याला?”

आईंनी डोळे मिटले. मोजणीदार कानापर्यंत लाल झाला आणि नकाशा सरळ करायला लागला. तो आधीच सरळ होता.

तिथून परतताना चिमटीचं मन ठिकाणावर नव्हतं. काढून टाकलेला तुकडा मिळवणं अवघड नव्हतं. उघड्या कामात काढलेलंही फेकत नाहीत, इतिहासात जपून ठेवतात. तिने तो काढला, जोडला. चालेना. तो ज्या आणखी चार गोष्टींच्या आधाराने उभा होता त्याही आता राहिल्या नव्हत्या. भिंत उचलून आणावी आणि खाली जमीनच नसावी तसं झालं. मग तिने माहितीपत्रिका वाचल्या. त्यांत त्या तुकड्याबद्दल एकच वाक्य होतं: दाब सुरू झाला की थोडं थांबतो, मग अक्षर घेतो. तिने त्या वाक्याप्रमाणे स्वतः लिहून पाहिलं. पुढच्या शनिवारी आईंनी पुन्हा छताकडे पाहिलं.

त्या सोमवारी तिने दोन गोष्टी केल्या. संचाच्या त्याच पानावर, आपल्या जुन्या उत्तराखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की माझं उत्तर चूक होतं, वापरणारं माणूस आहे, आणि चूक का झाली ते हे असं. आणि आजोबांसमोर जाऊन म्हणाली की नियम काढायचा आहे.

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. शोध मंदावेल, म्हणाले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं, हरवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल कोणीतरी असंच रडतं. म्हणून काय सगळा उकिरडा पुन्हा घरात आणायचा?

“मंदावू दे,” ती म्हणाली. “चुकीचं उत्तर लवकर देण्यापेक्षा बरं.”

आजोबांनी चष्मा पुन्हा नाकावर उतरवला. मग त्यांनी मधला मार्ग काढला: जुने प्रोग्रॅम वगळायचे नाहीत, यादीत खाली दाखवायचे, आणि शेजारी ‘बरीच वर्षं बदललेला नाही’ असं लिहायचं. एवढंच. मेलेला आहे की उभा आहे, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आणि नियम निघाला तशी, पहिल्याच शोधात, रिकामं आलेलं उत्तर भरून आलं. मोजणीदाराच्या भावाचा प्रोग्रॅम होता. एका हाताने वाद्य वाजवणाऱ्या कोणासाठी केलेला एक होता, बोटीच्या भोंग्याचा एक होता. आणि अगदी तळाशी... मासे पकडण्याचा मुलांचा एक खेळ. त्याच्या कर्त्याने तोच तुकडा उचलून, बाकीच्या आधारांपासून सोडवून, स्वतःच्या पायावर उभा करून आपल्या खेळात बसवला होता. वर मूळ कर्त्याचं नाव आणि एक ओळ: ‘गळ सोडताना हात थरथरतो, म्हणून हे लागतं.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती मनात म्हणाली. तिच्याच नियमाने दुखणंही झाकलं होतं आणि औषधही.

ती बातमी सांगायला तिने त्याला फोन केला. तो कुठल्याशा माळावर होता, वारा एवढा की निम्मे शब्द उडून जात होते.

“मासे?” तो ओरडून विचारत होता. “कसले मासे?”

“तुम्ही या तर. सांगते.”

“काय?”

“या... म्हटलं.”

वारा क्षणभर पडला. “येतो,” तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात.

* * *

खेळातला तुकडा मुलांच्या चपळ बोटांसाठी होता. तो नवीन यंत्रावर धावला खरा, पण आईंच्या गालाशी त्याचं जमेना. एका अक्षराऐवजी दोन पडायची. आई थकायच्या, घामाघूम व्हायच्या, तरी पुन्हा गाल दाबायच्या.  हे माणूस बोलू पाहत होतं, आणि वाटेत चिमटीचं एक वाक्य आडवं पडलं होतं.

“बघता येत नाहीये मला,” ती एकदा हताश होऊन म्हणाली. “गाल कधी दाबला ते यंत्र सांगतं. पण नंतर काय होतं तेच कळत नाही.”

मोजणीदार उठला. पलंगाच्या कडेला बसून त्याने आईच्या गालावर, बटणाच्या जरा वर, एक बोट ठेवलं. जमिनीची नस बघावी तसं डोळे मिटून.

“तुम्ही पडदा बघा,” तो म्हणाला. “मी सांगतो. आई, कर.”

 मावशींनी पाय चोळायचं थांबवलं. पागोळ्यांचा एकसारखा आवाज तेवढा येत होता.

“दाबला...” तो म्हणाला. “धरलाय... धरलाय... आता सोडतेय.” आणि मग लगेच, “नाही, थांबा. सुटला नाहीये. थरथरतोय. अजून... अजून... आता सुटला.”

चिमटीने वर पाहिलं. त्यानेही नेमके तेव्हाच डोळे उघडले.

“दाबायला नाही,” ती हळूच म्हणाली. “सोडायला वेळ लागतो त्यांना.”

“हो.”

“माहितीपत्रिकेत हे कोणी लिहिलंच नव्हतं. तुमच्या भावाने कुठून ओळखलं?”

त्याचं बोट अजून आईच्या गालावर होतं. “असंच बसला असेल,” तो म्हणाला.

पुढचे कितीतरी दिवस ते दोघं तसेच बसले. तो बोटाने मोजायचा, ती आकडा बदलायची. तो ‘सुटला’ म्हणायचा, ती मान हलवायची. मध्ये मध्ये चहा यायचा. तिचा चहा तो बशीने झाकून ठेवायचा, तिला लक्षातही यायच्या आत. निघताना जिन्याच्या तोंडाशी दोघं उगाच उभे राहायचे, तो म्हणायचा छत्री घेतलीत ना, ती म्हणायची घेतली, आणि छत्री तिच्या हातात दिसतच असायची.

“तुमच्याकडे सगळंच शोधता येतं ना?” एकदा त्याने विचारलं.

“ज्याने मांडून ठेवलंय त्याचंच. मनात ठेवलेलं नाही सापडत.”

“मग मनात ठेवणाऱ्यांनी काय करायचं?”

“मांडायचं,” ती म्हणाली, आणि जिना जरा घाईनेच उतरली.

घरी धाकट्या बहिणीचा फोन आला की चिमटी गाल आणि बटण आणि थरथर यांबद्दलच बोलायची. बहीण लग्न होऊन दोन मुलांची आई झालेली, तिच्याकडे आडपडदा नव्हता. ताई, ती म्हणाली, मागचं ठरलेलं लग्न मोडल्यापासून तू तुझ्यात एक ओळ बदललेली मी पाहिली नाही; आणि हल्ली बघावं तेव्हा नवीनच काहीतरी. ते यंत्र दुरुस्त झालं की मग काय करणार आहेस?

चिमटीने हा प्रश्न स्वतःला अजून विचारला नव्हता. त्या खोलीत जायला तिच्याजवळ कारण होतं ते एकच, आणि ते संपवायलाच ती रोज जात होती.

* * *

संपलं ते एका रविवारी दुपारी. आभाळ भरलेलं होतं, पण पडत नव्हतं. चिमटीने शेवटचा आकडा घातला आणि हात मागे घेतले. पिवळी चौकट सरकायला लागली. आईंचा गाल हलला. चौकट जागच्या जागी थांबली. आज्ञेची वाट पाहणाऱ्या पोरासारखी थांबली, गाल थरथरून सुटेपर्यंत थांबली, आणि मग एक अक्षर, एकच, पडद्यावर उमटलं.

मावशींनी तोंडावर पदर धरला.

दुसरं अक्षर. शब्द झाला: ‘तू’. आणि यंत्रातून, इतक्या आठवड्यांनी, एका तरुण माणसाचा आवाज आला.

“हं.”

मोजणीदार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे चिमटीला दिसत होते. जवळ जावं असं वाटलं, आणि ती जागची हलली नाही. अजून तो हक्क तिचा नव्हता.

‘आता’, पडद्यावर आलं. “हं,” भाऊ म्हणाला.

म्हणजे आई तिथूनच पुढे जात होत्या. जिथे वाक्य तुटलं होतं तिथून. मोजणीदार वळला आणि पलंगाशी येऊन गुडघ्यांवर बसला. किती रात्री त्याने ते वाक्य आपल्या परीने पुरं केलं असेल... तू आता मला सोड. तू आता एकटा राहू नकोस. तू आता भावाला विसर. अक्षर येत होतं, थांबत होतं, येत होतं. बाहेर उजेड हळूहळू उतरत गेला. शेवटी ओळ पुरी झाली.

‘तू आता चहा पी गार होतोय’

 मग मावशी म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस आम्ही जीव टांगणीला लावून बसलो ते चहासाठी?” आणि मोजणीदार हसायला लागला. हसता हसता त्याने कपाळ आईच्या हातावर टेकवलं आणि ते बराच वेळ उचललंच नाही. चिमटीला तेव्हा नीट उमगलं की तिने काय काढून टाकलं होतं. मोठं काही नव्हे. हेच. रोजचा चहा गार होतोय म्हणून आईने मुलाला सांगणं. शोधून सापडेल असं ते कुठे लिहिलेलं नसतं.

ती उठली. पर्स घेतली. म्हणाली, आता सगळं नीट आहे, काही अडलं तर फोन करा. आवाज बऱ्यापैकी सरळ आला. तो दाराशी आला. छत्री घेतलीत ना, म्हणाला. घेतली, म्हणाली. मग दोघंही तिथेच, उंबऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे.

मागून ‘हं’ ऐकू आलं.

आई पुन्हा बोलत होत्या. दोघं परत आत आले. वाक्य लांब होतं. आईंच्या कपाळावर घामाचे थेंब जमले, मावशी टिपत राहिल्या, पण थांबू का म्हटलं की आई छताकडे पाहत. मावशींनी दिवा लावला.  शब्दामागून शब्द येत गेला आणि प्रत्येक शब्दामागे तो गेलेला भाऊ ‘हं’, ‘हं’ म्हणत धीर देत राहिला.

‘मला एक वाक्य बोलायला अर्धी दुपार लागते तुझं काय अडलंय’

मावशी उठल्या. दूध उतू जातंय म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर दूध नव्हतंच.

मोजणीदाराने आईकडे पाहिलं. आईंनी डोळे मिटून घेतले होते. ‘हो’ म्हणायला की पोरांना मोकळीक द्यायला, ते त्यांनाच ठाऊक.

“मी मोजणीवाला माणूस,” तो म्हणाला. चिमटीकडे न बघता, तिच्या हातातल्या छत्रीकडे बघत. “खात्री असल्याशिवाय रेघ मारत नाही. पण गेले कितीतरी दिवस मी... तुम्ही जिना उतरून गेल्यावर, तुम्ही जिथे बसता ती खुर्ची मी हलवत नाही. मावशी केर काढायला हलवतात, मी परत तिथेच आणून ठेवतो. मला वाटतं...” तो अडला. शब्द तोंडाशी आलेला दिसत होता, आणि सुटत नव्हता. थरथरत होता नुसता. “मला असं वाटतं की यापुढे जे काही मोजायचं ते...”

पुन्हा अडला.

एखादीने वाक्य पुरं करून दिलं असतं. एखादी लाजून निघून गेली असती. पण चिमटी इतके आठवडे या खोलीत एकच गोष्ट शिकली होती, की सुटायला वेळ लागतो; तेवढं थांबायचं असतं. तिने छत्री भिंतीला टेकवली. त्याच्या समोरच्या त्या खुर्चीत, आपल्या जागी, नीट बसली.

“हं,” ती म्हणाली.